मांडी टेकते का? एसयूव्ही आणि सेडानमधल्या जागेचा हिशोब

आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून मी गाडीकडे तिच्या बाजूने बघायला शिकलो. सेडानमधून उतरताना ती एक हात दारावर आणि एक पुढच्या सीटवर ठेवायची, दोनदा झोका घ्यायची आणि तिसऱ्यांदा कशीबशी उठायची. उंच एसयूव्हीत चढताना एक पाय आत, एक जमिनीवर अशी अडकून राहायची. मागून कोणी धरल्याशिवाय पुढचं काही होत नसे. आत बसल्यावरची तिची तक्रारही वेगवेगळी होती. सेडानमध्ये म्हणायची, "पाय पसरता येतात रे, पण मांड्या अधांतरी राहतात." आणि एसयूव्हीत, "बसायला छान आहे, पण वळण आलं की धरून बसावं लागतं."

ही दोन वाक्यं मी बरेच दिवस नुसती ऐकून सोडून दिली. पुढे गाड्यांच्या आतली मापं कशी घेतात ते वाचलं, तेव्हा कळलं की माहितीपत्रकात जे छापलेलं नसतं, नेमकं तेच ती सांगत होती.

खुबा कुठे आहे?

गाडीच्या आतली सगळी महत्त्वाची मापं एका बिंदूपासून सुरू होतात. मांडीचं हाड कमरेला जिथे जोडलेलं असतं तो सांधा, म्हणजे आपला खुबा. अभियंते याला एच-पॉइंट म्हणतात, एच म्हणजे हिप. हा बिंदू शोधण्यासाठी माणसाच्या आकाराचा, माणसाइतकं वजन लावलेला पुतळा सीटवर बसवतात. त्याच्या वजनाने फोम दबला की खुबा जिथे स्थिरावतो, तिथून पुढचं मोजमाप होतं.

लेगरूमचा, म्हणजे पायांसाठीच्या जागेचा आकडा त्यावरूनच निघतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे1100 या मानकात त्याची पद्धत दिली आहे: घोट्यापासून खुब्यापर्यंतचं सरळ अंतर घ्यायचं आणि त्यात 254 मिलिमीटर मिळवायचे. हेडरूमचं, म्हणजे डोक्यासाठीच्या जागेचंही तसंच. खुब्यापासून वर, पण 8 अंश मागे कललेल्या रेषेत, छताच्या अस्तरापर्यंत मोजायचं आणि त्यात 102 मिलिमीटर मिळवायचे.

आता लेगरूमच्या व्याख्येकडे जरा नीट बघू. मांडीची लांबी ठरलेली, नडगीची लांबी ठरलेली. मग घोटा आणि खुबा यांच्यातलं सरळ अंतर सांगितलं की गुडघा किती दुमडला आहे एवढंच कळतं. मांडी आडवी आहे की गुडघ्याकडे वर उचललेली आहे, हे त्या आकड्यात येतच नाही. दोन गाड्यांचं लेगरूम अगदी सारखं असूनही एकीत माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसेल आणि दुसरीत उकिडवं बसल्यासारखा.

हा फरक ज्या मापाने पडतो ते म्हणजे पायाखालच्या फ्लोअरपासून खुबा किती उंच आहे. मला विचाराल तर मागच्या सीटच्या आरामासाठी लेगरूमपेक्षाही हा आकडा जास्त बोलका आहे, आणि नेमका तोच माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. ढोबळमानाने सेडानच्या मागच्या सीटवर ही उंची 25 ते 30 सेंटिमीटरच्या आसपास असते, तर बऱ्याच एसयूव्हींमध्ये 30 च्या पुढे. पाच-सात सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. घरातल्या खुर्चीच्या पायांखालून तेवढी उंची काढून तासभर बसून बघा.

सेडानची सीट खाली का जाते

सेडानची उंची साधारण 145 ते 150 सेंटिमीटर असते. हवा कापत जाण्यासाठी छत मागे उतरतं ठेवावं लागतं आणि तो उतार नेमका मागच्या प्रवाशाच्या डोक्यावर येतो. डोकं छताला लागू नये म्हणून सीट खाली सरकवतात. सीट खाली गेली की गुडघे वर येतात. गुडघे वर आले की मांड्या सीटवरून सुटतात आणि सगळा भार बुडाखालच्या दोन हाडांवर येऊन पडतो. आईच्या मांड्या अधांतरी राहायच्या त्याचं मूळ डोक्यावरच्या छतात होतं.

एसयूव्हीत ही ओढाताण कमी असते. छत उंच आणि बरंचसं सरळ, त्यामुळे सीट वर उचलायला मोकळीक मिळते. माणूस ताठ बसला की त्याला पुढेमागे जागाही थोडी कमी लागते. म्हणूनच आखूड एसयूव्हीतही चार मोठी माणसं बरी बसतात. बाजूच्या काचाही सेडानपेक्षा उभ्या असतात, त्यामुळे खिडकीशी बसलेल्याचं डोकं चौकटीपासून मोकळं राहतं. हे मोकळेपण कुठल्याच आकड्यात दिसत नाही, पण आत बसल्यावर लगेच जाणवतं.

पण बाहेरून दिसणारी सगळी उंची आत येते असं नाही. काही सेंटिमीटर ग्राउंड क्लिअरन्समध्ये, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांच्यातल्या मोकळ्या जागेत जातात. आणि गाडी जर वेगळ्या चासीवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर उभी केलेली असेल, तर फ्लोअर त्या सांगाड्याच्या वर बसतं. छत उंच, पण फ्लोअरही उंच. अशा धिप्पाड गाडीत मागे बसल्यावर गुडघे छातीकडे आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तिसऱ्या ओळीत तर हे हमखास होतं, कारण तिथे फ्लोअर मागच्या अॅक्सलवरून जायला आणखी वर चढतं आणि सीट मात्र छतामुळे तितकी वर जाऊ शकत नाही. तिसऱ्या ओळीत मोठ्या माणसाला तासाभरापेक्षा जास्त बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेवरच्या गाड्यांनी या हिशोबात नवा आकडा आणला. बॅटरी फ्लोअरखाली सपाट पसरलेली असते आणि तिच्या जाडीइतकं फ्लोअर वर येतं. एसयूव्हीत ही उंची पचून जाते, सेडानमध्ये ती थेट गुडघ्यांवर येते. पोर्शने टायकान ही विजेवरची सेडान करताना मागच्या प्रवाशांच्या पायांच्या जागी बॅटरीतच खळगे सोडले, ते यासाठीच. विजेवरची सेडान बघायला गेलात तर पुढे स्टीअरिंगवर कितीही मन रमलं तरी एकदा मागे बसून बघाच.

बाहेरच्या आकाराने फसू नका

1959 साली आलेली मिनी ही ब्रिटिश गाडी जेमतेम 3.05 मीटर लांब होती. तिचे रचनाकार अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, चाकं चार कोपऱ्यांत ढकलली आणि फ्लोअरचा सुमारे 80 टक्के भाग माणसं आणि सामान यांच्यासाठी मोकळा केला. गाडीत जागा मांडणीतून निर्माण होते, हे त्या इवल्याशा गाडीने दाखवलं.

आज अनेक कंपन्या एकाच प्लॅटफॉर्मवर सेडानही काढतात आणि एसयूव्हीही. दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, सारखा किंवा जवळपास सारखा असतो, आणि पुढच्या-मागच्या सीटसाठी किती लांबी मिळणार हे बरंचसं व्हीलबेसवर ठरतं. म्हणजे एसयूव्ही जास्तीची देते ती मुख्यतः उंची. तिच्या रुंद दिसणाऱ्या चाकांच्या कमानी आणि फुगीर दारं बाहेरूनच फुगीर असतात. खांद्याशी मोजलं तर तिची रुंदी त्याच वर्गातल्या सेडानएवढीच निघते, कधी तर कमीच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची वर्गवारी बघा: तिथे सेडान मध्यम की मोठी हे आतल्या घनफळावरून ठरतं, 110 ते 119 घनफूट असेल तर मध्यम आणि 120 पासून पुढे मोठी. एसयूव्हीचे वर्ग मात्र वजनावरून पडतात. तेव्हा मोठी एसयूव्ही या शब्दांतून आतल्या जागेबद्दल काहीच हाती लागत नाही.

मागे तीन माणसं बसवायची तर दोन्हीकडे मधल्याचे हाल सारखेच. त्याच्या सीटचा फोम पातळ, पाठीमागे दुमडलेला आर्मरेस्ट आणि पायात उंचवटा. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हा उंचवटा मोठा असतो, कारण त्याखालून शाफ्ट जातो. मधल्या जागेवर कोण बसणार हे आधी ठरवा आणि त्यालाच तिथे बसवून बघा.

सीट मऊ हवी की कडक?

शोरूममध्ये मऊ सीटवर बसलं की बरं वाटतं. ते बरं वाटणं दहा मिनिटांचं असतं. मऊ फोम दबत दबत तळाला गेला की खालचा कडक भाग लागायला लागतो आणि कंबर आत रुतून पाठीचा बाक बिघडतो. जरा कडक वाटणारी सीट भार सगळीकडे वाटून देते आणि तिसऱ्या तासाला तिची किंमत कळते. हे एसयूव्ही आणि सेडान दोन्हींना लागू आहे. लांबच्या प्रवासात सीटचा घाट गाडीच्या घाटापेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो.

यासाठी आईवर करून पाहिलेली एक साधी परीक्षा सांगतो. पाठ पूर्ण मागे टेकवून, तळवे जमिनीवर सपाट ठेवून बसा. दुसऱ्याला म्हणा, गुडघ्याच्या जरा मागे, मांडी आणि सीट यांच्यामध्ये तळहात आडवा सरकवून बघ. हात अडून अडून जात असेल तर मांडीला आधार आहे. सहज आत गेला, वर बोटं हलवायलाही जागा उरली, तर मांडी टेकलेलीच नाही. सेडानमध्ये आईच्या मांडीखाली माझा अख्खा तळहात गेला होता, आणि तरी मांडी बोटांना लागली नाही. मग सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची खोबण यांच्यातलं अंतर बघा. दोन-तीन बोटं राहिली पाहिजेत. कड खोबणीत रुतत असेल तर रक्तप्रवाह दबतो आणि पायाला मुंग्या येतात. बुटक्या माणसाला लांब सीटवर हा त्रास होतो, उंच माणसाला आखूड सीटवर मांडीचा.

पाठीचं गणित थोडं वेगळं आहे. उभं असताना कंबरेत आतल्या बाजूला जो बाक असतो, तो बसल्यावर सपाट होतो, कारण मांड्या पुढे आल्या की ओटीपोटाचं हाड मागे कलतं. जे. जे. कीगन या डॉक्टरांनी 1953 मध्ये क्ष-किरणांनी हे दाखवलं: धड आणि मांडी यांच्यातला कोन सुमारे 135 अंशांचा असतो तेव्हा कंबरेचा बाक सर्वात नैसर्गिक राहतो. स्वीडनचे अस्थिशल्यतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी पुढे मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा टेकू न घेता बसण्यात दाब जास्त निघाला. पाठ मागे कलवली आणि कंबरेला आधार दिला की तो कमी झाला.

इथे सेडानच्या बाजूने बोलणं भाग आहे. तिच्या पुढच्या सीटवर माणूस पाय लांब सोडून, थोडा मागे रेलून बसतो. धड आणि मांडी यांच्यातला कोन मोकळा राहतो, भार पाठीवरही वाटला जातो. एसयूव्हीत ताठ बसल्यावर समोरचं छान दिसतं, पण धडाचं सगळं वजन सरळ कंबरेवर येतं आणि रस्त्यावरचा धक्काही त्याच वाटेने वर चढतो. चार तास स्टीअरिंगवर बसायचं असेल तर मी चांगल्या सीटची सेडान निवडेन. मागच्या सीटवर चार तास काढायचे असतील तर एसयूव्ही, आणि त्यातही पाठ कलवता येणारी. सेडानमध्ये मागच्या सीटची पाठ बहुधा एकाच कोनात पक्की केलेली असते, कारण तिच्या मागे लगेच डिकीची भिंत असते. एसयूव्हीत मागची सीट कलते, काहींत पुढेमागे सरकतेही.

गाडी हलायला लागल्यावर

उभ्या गाडीत आराम तपासणं म्हणजे अर्धीच परीक्षा. दर सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणारी वर-खाली थरथर माणसाला सर्वात जास्त त्रास देते, कारण आपलं धडच त्या लयीत हलायला लागतं. याउलट दोन सेकंदांत एकदा किंवा त्याहून संथ असा झोका पोटात ढवळायला लावतो.

वळणावर गाडी कलते तेव्हा ती जमिनीजवळच्या एका अक्षाभोवती फिरते. तुमचं डोकं त्या अक्षापासून 1 मीटर उंच असेल आणि गाडी 3 अंश कलली, तर डोकं सुमारे 5 सेंटिमीटर बाजूला जातं. जितकं उंच बसाल तितका झोका मोठा. हा कल कमी करायला अभियंते एसयूव्हीत जाड अँटी-रोल बार घालतात. वळणावर त्याचा फायदा होतो, पण तो बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो. मग एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं तरी अख्खी गाडी डोलते आणि मान इकडून तिकडे फेकली जाते. आई धरून बसायची ती यासाठीच. आणि मागच्या चाकांच्या जितकं जवळ बसाल तितका धक्का थेट बसतो. सेडानमध्ये मागची सीट चाकांच्या पुढे असते. तीन ओळींच्या एसयूव्हीत शेवटची ओळ बरोबर चाकांवर येते. ज्यांना गाडी लागते त्यांना तिथे बसवणं म्हणजे शिक्षाच आहे.

सामान आणि आवाज

डिकीचे लिटर मोजायची एक पद्धत अशी की 200 × 100 × 50 मिलिमीटरचे ठोकळे, म्हणजे बरोबर एक-एक लिटरचे, आत रचत जायचं आणि मोजायचे. असे ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यात बसतात, आपल्या बॅगा बसत नाहीत. सेडानची डिकी खोल असते, पण तिचं तोंड लहान आणि काही गाड्यांत झाकणाच्या वाकड्या बिजागऱ्या आत येऊन बॅगेवर आदळतात. एसयूव्हीत उंच वस्तू उभी राहते, सीट पाडली तर कपाटही मावतं. फक्त तिचा आकडा खिडकीच्या रेषेपर्यंतचा आहे की छतापर्यंतचा, आणि तिसरी ओळ उघडी असताना किती उरतो, हे विचारून घ्या. खिडकीच्या वर रचलेलं सामान जोरात ब्रेक लागला की पुढे माणसांच्या डोक्यावर येऊ शकतं.

सेडानची डिकी बंद खोलीसारखी वेगळी असते, त्यामुळे मागच्या चाकांचा आवाज आणि सामानाचा वास केबिनमध्ये कमी येतो. एसयूव्हीत सगळं एकच दालन. आवाज घुमतो आणि एसीला जास्त हवा गार करावी लागते. मागच्या ओळीला स्वतंत्र एसी व्हेंट आहे का, हे एसयूव्हीत म्हणूनच जास्त महत्त्वाचं.

चढणं-उतरणं

सेडानमध्ये बसल्यावर खुबा रस्त्यापासून साधारण 50 ते 55 सेंटिमीटरवर येतो. सीटची उंची मोजली तर ती घरातल्या खुर्चीच्या जवळपासच निघते. मग उतरताना एवढा त्रास का? खुर्चीवरून उठताना आपण नकळत पाय मागे घेतो आणि धड पुढे झुकवतो, म्हणजे वजन पावलांवर येतं. गाडीत दाराच्या उंबरठ्यामुळे पाय मागे घेता येत नाहीत आणि छताच्या कडेमुळे डोकं पुढे नेता येत नाही. उरतो तो फक्त गुडघ्यांचा जोर. उंच एसयूव्हीत उलटी गोष्ट होते, तिथे बसण्याआधीच एका पायावर सगळं वजन उचलावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याला सर्वात सोपी गाडी म्हणजे जिची सीट उभ्या माणसाच्या खुब्यापेक्षा थोडीशीच खाली असते. नुसतं मागे टेकायचं आणि वळायचं. हल्लीच्या मध्यम उंचीच्या, वेगळ्या चासीऐवजी सेडानसारख्याच बांधणीवर उभ्या असलेल्या एसयूव्ही इथे बाजी मारतात. ही उंची माणसागणिक बदलते, म्हणून ज्याला त्रास आहे त्यालाच बरोबर नेऊन चार-पाच वेळा चढ-उतार करायला लावा.

गाडी आधीच दारात उभी असेल तरी थोडं करता येतं. उंच एसयूव्हीत आधी पाय आत टाकायचा नाही. फूटबोर्डवर उभं राहून पाठमोरं सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. आणि सेडानसाठी मला उशिरा सापडलेली एक गोष्ट: पुढच्या सीटची उंची वाढवायचा खटका असेल तर ती दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या. तिच्याखाली मागच्याच्या पावलांना शिरायला जागा होते, नडगी पुढे जाते, गुडघा खाली येतो. आता आई मागे बसायची असली की मी आधी ती सीट वर घेतो, मग तिच्या मांडीखाली हात घालून बघतो. हात अडतो.